पेडणे-डिचोलीचा बातमीदार कुठे शिकणार?

पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज भरताना मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती एका रकान्यापाशी. हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे, ते तीन-चारशे शब्दांत लिहा. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयातून किंवा साखळीच्या शासकीय महाविद्यालयातून बी.ए. झालेली मुलं पुणे, कोल्हापूर, मुंबई, दिल्ली, चेन्नई अशा ठिकाणी अर्ज करतात. त्यांचे हे मसुदे वाचायला मिळाले की त्यांत लोकशाहीचा चौथा स्तंभ असतो, समाजाला आरसा दाखवण्याची इच्छा असते, लहानपणापासूनची लेखनाची आवड असते. कोरगाव, हळर्ण, नार्वे, पिळगाव यांपैकी एकाचंही नाव नसतं. ज्या गावात मूल वाढलं, जिथल्या ग्रामसभेत त्याचे काका दर वेळी उभे राहून भांडतात, ते गाव मोठ्या शहरातल्या निवड समितीसमोर सांगण्यासारखं नाही, असं त्याला कुणीतरी पटवून दिलेलं असतं.

माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण पेडणे-डिचोलीच्या मुलांनी जरूर घ्यावं, पण आपला तालुका सोबत घेऊन घ्यावं. ज्या अभ्यासक्रमात तालुक्याला जागा नसेल, त्याचं नाव कितीही मोठं असलं तरी तिथे वर्ष-दोन वर्षं आणि लाखो रुपये घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या पत्रकारांकडून. बातमीदारी वर्गात बसून येत नाही, ती अंगात असावी लागते, असं ते सांगतात आणि त्यांच्याकडे दाखले आहेत. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे पेडण्याच्या शेजारच्या जिल्ह्यातलेच. त्यांच्याकडे कुठली पत्रकारितेची पदवी होती? २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसलरॉकहून गोवा मुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवणाऱ्या वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी बातमीपत्र लिहायचं कुठे शिकून घेतलं होतं? बुंदेलखंडात २००२ साली सुरू झालेलं 'खबर लहरिया' तर फारसं शालेय शिक्षण नसलेल्या बायकांनी उभं केलं.

दाखले खरे आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, गणितापासून इतिहासापर्यंत त्यांची गती होती आणि अनेक भाषा त्यांना येत होत्या. लिबिया लोबो मुंबईत कायदा शिकल्या होत्या. 'खबर लहरिया'च्या बायकांना गावात राहूनच पद्धतशीर प्रशिक्षण मिळालं. म्हणजे शिक्षण प्रत्येकाकडे होतं, फक्त त्यावर पत्रकारितेचा शिक्का नव्हता. जोसेफ पुलित्झर यांनी १९०४ मध्ये पत्रकारितेच्या महाविद्यालयाची बाजू मांडणारा मोठा लेख लिहिला. त्यातही भर होता तो कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांवर. त्यांच्या देणगीतून १९१२ साली कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं. आपल्याकडे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली आणि दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत १९६५ साली ही वाट पडली. वाट चांगली होती. पुढे तिच्यावर कॅमेरा, अँकरिंग, जनसंपर्क, ब्रँडिंग यांची इतकी गर्दी झाली की कायदा आणि आकडे बाजूला पडले.

आणि पेडण्याला नेमकं तेच हवं आहे. मोपा विमानतळाचं उदाहरण घ्या. या प्रकल्पाला २०१५ मध्ये पर्यावरण दाखला मिळाला. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित ठेवला. कारण काय होतं? प्रकल्पाच्या प्रस्तावकाने २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली जो फॉर्म १ भरायचा असतो, त्यात आसपासचं जंगल आणि संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती नीट दिलेली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने ती नीट तपासली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठली, ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. प्रकल्प हवा की नको, हा वाद मी इथे उकरत नाही. पेडण्यातही त्यावर दोन तट होते आणि आहेत. सांगायचं आहे ते एवढंच की सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला सगळा वाद एका छापील अर्जातल्या उत्तरांचा होता. तो अर्ज सार्वजनिक होता. मोपाच्या पठारावर गुरं चारलेल्या, वारखंड-नागझरचे ओहोळ पाहिलेल्या मुलाला तो अर्ज वाचता आला असता, तर कुठलं उत्तर अपुरं आहे हे त्याला दिल्लीतल्या वकिलाच्याही आधी कळलं असतं. पठार त्याला ठाऊकच होतं, अर्ज कसा वाचायचा हे तेवढं शिकायला हवं होतं.

असाच दुसरा कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा. गोव्यात जमिनीची कुठलीही बातमी या उताऱ्याशिवाय अर्धवट राहते. वर सर्व्हे नंबर आणि पोटविभाग, खाली कब्जेदाराचा रकाना, कुळाचा रकाना, इतर हक्कांचा रकाना, लागवडीखालच्या क्षेत्राचा तपशील. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या घराचं नाव कुळाच्या रकान्यात नसलं की भूसंपादनाच्या वेळी ते घर भरपाईच्या यादीत शोधून सापडत नाही. फेरफाराचा क्रमांक पाहिला की जमीन कधी आणि कुणाकडे गेली याचा माग लागतो. मांद्रे, मोरजी, हरमल या किनाऱ्यावरच्या गावांत आणि आता विमानतळामुळे धारगळ, तुये, उगव्यापर्यंत जमिनीचे व्यवहार ज्या वेगाने होत आहेत, ते पाहता पेडण्याच्या बातमीदाराने हा उतारा वर्तमानपत्राच्या पानासारखा सहज वाचला पाहिजे. त्याच्या मागे गेलं तर पोर्तुगीज काळातले दस्त लागतात आणि त्याही मागे मोडीतले कागद. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. पेडणे तर १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. त्यामुळे इथली कागदपत्रं तिसवाडी-साष्टीपेक्षा वेगळी आहेत. थोडी पोर्तुगीज आणि थोडी मोडी येणारा तरुण बातमीदार गोव्यात किती मोलाचा ठरेल, याची कल्पना तरी आपण कधी करून पाहिली आहे का?

डिचोलीची गोष्ट आणखी कठीण, कारण तिथे कागदांच्या जोडीला आकडे आहेत. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि गोव्यातल्या बेकायदा खाणकामामुळे ३४,९३५ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज सर्वत्र छापून आला. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, एप्रिल २०१४ मध्ये ती अटींसह उठवली आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. १६ मार्च २०१८ रोजी पुन्हा सगळं ठप्प झालं. एवढ्या वर्षांत पस्तीस हजार कोटी हा आकडा गोव्यातल्या शेंबड्या पोराच्याही तोंडी झाला. पण तो कसा काढला, त्यात कुठला माल धरला, कुठला भाव लावला, हे डिचोलीच्या बाजारात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगितलं? ट्रक बँकेकडे गहाण टाकलेल्या मुळगावच्या किंवा पिळगावच्या माणसाला हे कळणं गरजेचं होतं. ज्याच्या शेतात खाणीचा गाळ येऊन बसला आणि ज्याच्या विहिरीचं पाणी खोल गेलं, त्या शिरगाव-लामगावच्या माणसालाही ते कळायला हवं होतं. एकाच गावात, कधी कधी एकाच घरात, ही दोन्ही माणसं राहत होती. त्यांच्या मधोमध उभं राहून आकडा उलगडून सांगणं हे बातमीदाराचं काम. ते नुसत्या धाडसाने होत नाही. त्याला ताळेबंद वाचता यावा लागतो, रॉयल्टीचा हिशेब यावा लागतो.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुक्तीनंतरची गोव्यातली बरीच दैनिकं खाण व्यवसायातल्या घराण्यांनी काढली. 'गोमन्तक' १९६२ मध्ये चौगुल्यांनी, 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंप्यांनी, कोकणी 'सुनापरान्त' साळगावकरांनी. या वर्तमानपत्रांचं ऋण मी नाकारत नाही. साडेचारशे वर्षांच्या परकी सत्तेतून आणि शेवटच्या काळातल्या कडक सेन्सॉरशिपमधून बाहेर पडलेल्या समाजाला त्यांनी रोज वाचायची सवय लावली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ती हकीकत पेडण्यातल्या माणसाला गोव्यात मोकळेपणी छापणं अशक्य होतं. सात वर्षांनी त्याच पेडण्यात मराठी दैनिक घरोघरी जाऊ लागलं, हे लहान स्थित्यंतर नव्हे. पण मालकी आणि बातमी यांचा संबंध पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला उघडपणे शिकवला गेला पाहिजे, नावानिशी आणि उदाहरणांनिशी. पुण्या-मुंबईच्या वर्गात माध्यमांची मालकी शिकवताना रूपर्ट मर्डोकचं नाव येतं. डिचोलीच्या विद्यार्थ्याने तिथे हात वर करून आपल्या घरी येणाऱ्या पेपरचा इतिहास सांगावा. वर्गातल्या इतरांनाही त्यातून पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त मिळेल.

आता भाषेकडे येतो. गोव्यातलं मूल सरकारी प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणीतून शिकतं आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातं. १९९० चं धोरण, २०११ चा माध्यमाचा वाद हे सगळं आपल्याला पाठ आहे. परिणाम असा की पेडण्याचं मूल घरी पेडण्याची कोकणी बोलतं, सकाळी मराठी पेपर वाचतं, पदवी इंग्रजीतून घेतं आणि कुठल्याच भाषेत आपण पक्के नाही या न्यूनगंडात राहतं. प्रवेश परीक्षेत आणि मुलाखतीत हा न्यूनगंड चेहऱ्यावर दिसतो. वास्तविक तालुक्याच्या बातमीदाराचं रोजचं काम म्हणजे मामलेदार कचेरीतली इंग्रजी फाईल वाचणं, वाड्यावरच्या म्हाताऱ्याचं कोकणीतलं बोलणं ऐकणं आणि मराठीत बातमी लिहिणं. तीन भाषांत एवढ्या सहज वावरणारी मुलं महानगरात शोधून सापडणार नाहीत. मग आपल्या मराठीला कोकणीचा हेल आहे म्हणून त्यांनी ओशाळावं का? भारतीय जनसंचार संस्थेचा मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम अमरावतीला आहे, म्हणजे गोव्याच्या मुलासाठी थेट विदर्भात. दिल्लीला जाणारी मुलं इंग्रजीत किंवा हिंदीत शिकतात. कुठेही गेलं तरी रोज एक बातमी मराठीत लिहायची आणि ती गावाकडच्या एखाद्या वाचकाला पाठवून कळली का विचारायची, एवढा नेम पाळला तर भाषा हातची जाणार नाही.

अभ्यासक्रम कसा निवडायचा, असं मुलं विचारतात तेव्हा मी संस्थेच्या इमारतीबद्दल, स्टुडिओबद्दल काहीच बोलत नाही. विद्यार्थी आठवड्यातून किती दिवस वर्गाबाहेर असतो? त्याची कॉपी कोण तपासतं, आणि तपासून परत देतं का? माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्यक्ष करून घेतात का? न्यायालयाचा निकाल पूर्ण वाचायला लावतात का? चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझममध्ये वंचितांच्या प्रश्नांवरचा अभ्यास सगळ्यांना सक्तीचा आहे आणि त्यासाठी खेड्यात जाऊन राहावं लागतं. कोलंबियात बातमीदारी शिकताना विद्यार्थ्याच्या वाट्याला शहराची एक वस्ती देतात आणि तिथल्या बातम्या त्यानेच शोधायच्या असतात. न्यूयॉर्कची एक वस्ती अभ्यासाला पुरते, तर २०११ च्या जनगणनेनुसार ७५,७४७ वस्तीचा पेडणे आणि ९७,९५५ वस्तीचा डिचोली तालुका का पुरू नये? तिळारीचा कालवा फुटला की दोडामार्गात आणि डिचोलीत दोन्हीकडे शेतं बुडतात, पण जाब दोन राज्यांच्या दोन खात्यांना विचारावा लागतो. २०२५ मध्ये सिंधुदुर्गातून उतरलेला हत्ती तांबोसे-उगव्याच्या भातशेतीत शिरला, तेव्हाही वनखाती दोन आणि नुकसान एकच होतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकणारं पेडण्याचं मूल सुट्टीला आंबोली घाटातून घरी येतं. सीमेच्या दोन्ही बाजूंची ही बातमी त्याच्या वाटेवरच आहे. प्रबंधासाठी विषय शोधत ग्रंथालयात बसायची त्याला काय गरज?

वर्गात शिकण्याची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी सर्वांत वर ठेवतो. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं दगावली, कितीतरी जखमी झाली. उजाडायच्या आत मोबाईलवर दृश्यं फिरू लागली. देवीचे व्रतस्थ भक्त, म्हणजे धोंड, जमिनीवर पडलेले, नातेवाइकांचा आक्रोश, कुणाकुणाचे चेहरे स्पष्ट. अशा वेळी इस्पितळाच्या दारात उभ्या असलेल्या आईला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, कुठलं दृश्य छापायचं नाही, मृतांचा आकडा कुणाकडून पक्का करायचा, गर्दीच्या बंदोबस्ताचा जाब कुणाला आणि कधी विचारायचा, हे प्रसंगाच्या गडबडीत सुचत नाही. ते आधी शांतपणे, चुका दाखवणाऱ्या शिक्षकासमोर शिकून घ्यावं लागतं. बातमीदारी अंगात असावी लागते म्हणणाऱ्यांनी हा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. परदेशात एक वर्ष शिकण्या-राहण्याचा खर्च कोलंबियासारख्या ठिकाणी एक लाख डॉलरच्या वर जातो. देशातल्या खासगी संस्थाही सामान्य घराला झेपत नाहीत. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा. पण व्याज नसलं तरी मुद्दल फेडावंच लागतं. हप्ता सुरू झाला की पुणे-मुंबईत एखाद्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात जागा मिळते आणि पेडण्याची बातमी मागे पडते. त्या मुलाला दोष देता येत नाही. कारण तो परत आला तर त्याच्या वाट्याला काय येणार? तालुक्याचा वार्ताहर आजही बहुतांशी मानधनावर असतो, तेही दुकान, शेती किंवा दुसरी नोकरी सांभाळून. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या त्यानेच, आणि ज्या सरपंचाकडून, कंत्राटदाराकडून जाहिरात घेतली त्याच्याबद्दल निर्भीडपणे लिहायचंही त्यानेच. 'पेडणे / प्रतिनिधी' या दोन शब्दांखाली छापून येणाऱ्या बातमीमागे असा एकटा माणूस असतो. त्याची मेहनत मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण दोन वर्षं शिकून आलेल्या मुलीला या व्यवस्थेत यायला सांगणं अन्याय आहे. घरचे लोक तिला येऊ देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

म्हणून अभ्यासक्रम सुधारून भागणार नाही. गोवा विद्यापीठाने आणि इथल्या महाविद्यालयांनी पदव्युत्तर पत्रकारिता शिकवताना एक पूर्ण सत्र तालुक्यात घालवायला लावावं. विद्यार्थ्याने विर्नोड्याला किंवा साखळीला राहून ग्रामसभा, मामलेदार कचेरी, प्राथमिक आरोग्य केंद्र, खाणपट्टा यांची बातमीदारी करावी, आणि ती गोव्यातल्या मराठी-कोकणी दैनिकांनी त्याच्या नावानिशी छापावी. या सत्राचा पैसा सरकारी जाहिरात खात्यातून येऊ नये, नाहीतर शिकतानाच मुलांच्या लेखणीला लगाम बसेल. दैनिकांनी तो मिळून उचलावा. त्यांनाच उद्या या मुलांची गरज पडणार आहे.

गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या मालकांना आणि संपादकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी प्रत्येकाने दोन जागा जाहीर कराव्यात. एक पेडण्यासाठी, एक डिचोलीसाठी. पूर्ण पगाराच्या, भविष्य निर्वाह निधीसह, आणि जाहिराती गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे नाही असं नेमणूकपत्रात लिहिलेल्या. अर्ज करणारी मुलं या दोन्ही तालुक्यांत आहेत.